अबोली, मोगरा, जाई: काल्पनिक संयुगांतून औषधाचा शरीरातला प्रवास शिकवण्याच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

बी. फार्म.च्या सहाव्या सत्रातल्या बायोफार्मास्युटिक्स आणि फार्माकोकायनेटिक्ससाठी सरावसंच बनवायचा आहे. त्यात खऱ्या औषधांऐवजी काल्पनिक संयुगे वापरायची. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचे नाव निघाले की मुलांना पाठ केलेला व्हीडी (औषध जितक्या लिटरमध्ये पसरल्यासारखे वाटते ते आकारमान) आठवतो, आणि आकडा आठवला की गणित तिथेच थांबते. त्याहून मोठी अडचण म्हणजे कोणतीही दोन खरी औषधे घेतली तरी त्यांच्यात एकाच गोष्टीचा फरक कधीच सापडत नाही. जेंटामायसिन हे प्रतिजैविक आणि डिगॉक्सिन दोन्ही मुख्यतः मूत्रपिंडातून जातात, पण व्हीडी, क्लिअरन्स (तासाला किती लिटर रक्तद्रव औषधमुक्त होतो), प्रथिनबंधन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटणे) सगळेच वेगळे. मग हाफ-लाइफ (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) नेमकी कशामुळे लांबली, हे त्या जोडीवरून दाखवता येत नाही.

यात फार नवे काही नाही. उप्सालाच्या टॉर्स्टेन टिओरेल यांनी १९३७ मध्ये शरीर म्हणजे औषध ज्यांत ये-जा करते असे काही कप्पे धरून सर्वसाधारण समीकरणे मांडली होती. तीच समीकरणे, फक्त आकडे सोयीचे.

संयुग काल्पनिक असले तरी शरीर खरेच हवे. हे न पाळल्यामुळेच असे बरेच सरावसंच फसतात. म्हणून आधी शरीर ठरवले: वजन ७० किलो, रक्तद्रव ३ लिटर, एकूण शरीरजल ४२ लिटर, यकृताचा रक्तप्रवाह मिनिटाला १.५ लिटर म्हणजे तासाला ९० लिटर, जीएफआर (मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग) मिनिटाला १२० मिलि म्हणजे तासाला ७.२ लिटर. रक्त आणि रक्तद्रवातली पातळी सारखीच धरली.

यावरून संयुगांवर बंधने येतात. व्हीडी ३ लिटरच्या खाली नाही. फक्त गाळले जाणारे संयुग असेल तर क्लिअरन्स ७.२ लिटर गुणिले मुक्त अंश (प्रथिनांना न बांधलेला भाग), त्यापुढे नाही. फक्त यकृतातून जाणारे असेल तर कमाल ९० लिटर. क्लिअरन्स तासाला ६० लिटर, सगळा यकृतातून, आणि तोंडावाटे उपलब्धता (डोसपैकी रक्तात पोहोचणारा भाग) ९० टक्के, असे गणित एका जुन्या प्रश्नसंचात आहे. असे संयुग असूच शकत नाही. ६० भागिले ९० म्हणजे दोन तृतीयांश औषध यकृतातल्या पहिल्याच फेरीत गेले, उपलब्धता जास्तीत जास्त ३३ टक्के. हुशार मुलगा हे पकडतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

९ जानेवारी

नावे. इंग्रजी अक्षरे देऊन पाहिली, पण फळ्यावर 'क' म्हणजे संयुग, कप्पा की पातळी हा गोंधळ होतो. फुलांची नावे घेतली. लॉल, प्रिल, स्टॅटिन, अ‍ॅझोल अशी शेपटे टाळायची. ती दिसली की मुले लगेच वर्ग ओळखून अंदाज बांधतात.

फुलांतूनही तीन नावे वगळली: धोतरा (अ‍ॅट्रोपीन), सदाफुली (व्हिंक्रिस्टीन, व्हिनब्लास्टीन), कण्हेर (हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइड्स). यादीत उरले अबोली, मोगरा, जाई, बकुळ, केवडा, जास्वंद, निशिगंध.

प्रत्येक पत्रकावर आडवी ठळक ओळ: 'हे औषध अस्तित्वात नाही.' पत्रके व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार आणि संदर्भ सुटलेला डोसचा आकडा कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.

१३ जानेवारी

पहिले त्रिकूट तयार. एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे.

अबोली: व्हीडी ४२ लिटर, क्लिअरन्स तासाला ७ लिटर, पूर्ण मुक्त, फक्त गाळून बाहेर. शिरेतून ४२० मिग्रॅ दिल्यास सुरुवातीची पातळी लिटरला १० मिग्रॅ, के (बाहेर पडण्याचा वेग, क्लिअरन्स ÷ व्हीडी) = ७ ÷ ४२ = ०.१६७ प्रति तास, हाफ-लाइफ ४.१६ तास, एयूसी (पातळी-वेळ आलेखाखालचे क्षेत्रफळ, डोस ÷ क्लिअरन्स) ६०.

मोगरा: क्लिअरन्स तोच ७, व्हीडी ४२०. ऊतींत बांधला जातो. सुरुवातीची पातळी १, हाफ-लाइफ ४१.६ तास. एयूसी पुन्हा ६०.

जाई: व्हीडी ४२, क्लिअरन्स ३.५. हाफ-लाइफ ८.३ तास, एयूसी १२०.

जाईचा क्लिअरन्स निम्मा का, याला शारीरिक कारण द्यावे लागते. 'निम्मे औषध प्रथिनांना बांधलेले' असे लिहिणे सोपे होते. पण रक्तद्रवातले प्रथिनबंधन वाढले की क्लिअरन्सबरोबर व्हीडीही घटतो, म्हणजे दोन गोष्टी बदलल्या. म्हणून कारण असे दिले: गाळलेल्यापैकी निम्मी जाई मूत्रनलिकांत परत शोषली जाते. बंधनाला हात लागत नाही, व्हीडी जागेवर राहतो.

सलाइनमधून तासाला ३५ मिग्रॅ सतत दिल्यास अबोली ५ वर स्थिर होते, मोगराही ५ वरच, जाई १० वर. स्थिर पातळीच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला ३.३२ हाफ-लाइफ लागतात: अबोलीला १३.८ तास, मोगऱ्याला १३८ तास म्हणजे पावणेसहा दिवस. ५ ची पातळी लगेच हवी असेल तर लोडिंग डोस (सुरुवातीचा एकदम मोठा डोस) अबोलीचा २१० मिग्रॅ, मोगऱ्याचा २१०० मिग्रॅ. या चार ओळींत अर्धा विषय येतो: किती द्यायचे ते क्लिअरन्स ठरवतो, पहिल्यांदा किती ते व्हीडी, आणि हाफ-लाइफ या दोघांमागून येते.

१६ जानेवारी

निदानाचा प्रश्न. शिकवण्याआधी एकदा, नंतर एकदा विचारायचा: 'मोगऱ्याची हाफ-लाइफ अबोलीच्या दहापट आहे. सरासरी पातळी सारखी राहण्यासाठी मोगऱ्याचा रोजचा डोस अबोलीच्या किती पट?' बरोबर उत्तर: तितकाच. ठरलेले चुकीचे उत्तर: एक दशांश.

पडताळ्यासाठी दोन्ही दिवसातून एकदा ८४० मिग्रॅ शिरेतून. स्थिर झाल्यावर अबोली २०.४ पर्यंत चढते आणि पुढच्या डोसआधी ०.३७ पर्यंत उतरते. मोगरा ६.१ आणि ४.१ यांच्यातच फिरतो. सरासरी दोन्हींची ५. हा आलेख एकाच कागदावर, एकाच मोजपट्टीवर काढायचा. वेगवेगळ्या कागदांवर काढला की मुलांना फक्त दोन वेगळे आकार दिसतात, सरासरी दिसत नाही.

२० जानेवारी

प्रत्येकाला वेगळे संयुग दिले तर जर्नलमधली उत्तरे उतरवून काढता येत नाहीत. सूत्र: व्हीडी = २० + रोल नंबर; क्लिअरन्स = ३ + (रोल नंबरला ७ ने भागून उरलेली बाकी). साठ मुलांच्या वर्गात व्हीडी २१ ते ८० आणि क्लिअरन्स ३ ते ९. दोन्ही शरीराच्या मर्यादेत. ७.२ च्या वर गेलेल्या संयुगांना 'थोडा भाग यकृतातून' अशी टीप जोडली.

अडचण नमुन्यांच्या वेळांची. रोल नंबर ६ ची हाफ-लाइफ २ तास, रोल नंबर ५६ ची १७.६ तास. सगळ्यांना १२ तासांपर्यंतच नमुने दिले तर ५६ ची पातळी जेमतेम ३८ टक्के उतरते, एयूसीचा ६२ टक्के भाग शेपटीच्या (शेवटच्या नमुन्यापुढच्या भागाच्या) अंदाजातून येतो. २० टक्क्यांहून जास्त शेपटी असेल तर त्या एयूसीवर विसंबू नये, हा नेहमीचा नियम. उलट सगळ्यांना २४ तास दिले तर ६ नंबरच्या शेवटच्या पातळ्या मोजमापाच्या मर्यादेखाली जातात. म्हणून वेळा तासांत न ठरवता हाफ-लाइफच्या पटीत ठरवल्या: पाव, अर्धी, एक, दीड, दोन, तीन, चार. पत्रकावर मात्र तासच छापायचे, नाहीतर उत्तर आधीच फुटते.

मोजमापाची मर्यादा लिटरला ०.१ मिग्रॅ. तिच्या खालच्या नोंदीत शून्य नाही, 'मर्यादेखाली' लिहायचे. शून्याचा लॉग निघत नाही आणि स्प्रेडशीट त्रुटी दाखवते; मग मुले शून्याच्या जागी ०.००१ टाकतात आणि लॉग-पातळी आणि वेळ यांच्या सरळ रेषेला शेवटी कडा तुटल्यासारखी उतरंड येते.

पातळ्यांवर ५ टक्क्यांची यादृच्छिक चूक मिसळली, पातळीला गुणून, बेरीज करून नव्हे. बेरीज केली तर खालच्या पातळ्या ऋण होऊ शकतात. स्प्रेडशीटमधले यादृच्छिक फलन कुठल्याही सेलमध्ये काही लिहिले की नवे आकडे काढते. मुलगा आलेख काढत असताना त्याच्याच पातळ्या बदलत राहतात. वाटण्याआधी सगळा स्तंभ कॉपी करून फक्त मूल्ये म्हणून पेस्ट करायचा आणि उत्तरपत्रिका त्या गोठवलेल्या आकड्यांवरूनच काढायची.

२७ जानेवारी

कागदाबरोबर डोळ्यांना दिसेल असे काहीतरी हवे. काचेचे शरीर उभे केले: बाजूला नळी असलेला ५०० मिलिचा गाळणी फ्लास्क, चुंबकीय ढवळणी, वरून मिनिटाला २५ मिलि पाणी, बाजूच्या नळीतून तेवढेच बाहेर. निळा खाद्यरंग (ब्रिलियंट ब्लू) हे औषध. कलरीमीटरवर (रंगाची गडदता मोजणारे यंत्र) लाल फिल्टर. वर्णपटमापी असेल तर ६३० नॅनोमीटर.

फ्लास्कमधले पाणी म्हणजे व्हीडी, प्रवाह म्हणजे क्लिअरन्स. प्रवाह भागिले आकारमान म्हणजे के. फ्लास्कवर ५०० लिहिले आहे म्हणून ५०० धरू नये. बाजूच्या नळीपर्यंतचे पाणी मोजपात्राने मोजायचे. ते ५६० निघाले तर हाफ-लाइफ १३.९ ऐवजी १५.५ मिनिटे येते.

बाजारातल्या खाद्यरंगात शुद्ध रंगद्रव्याचे प्रमाण ठरलेले नसते. मिलिग्रॅममध्ये बोलायचेच नाही. मूळ द्रावण म्हणजे १०० एकक, त्याचे पाच विरलन, त्यांचा प्रमाण आलेख. डोस असा की सुरुवातीचे शोषणमूल्य ०.८ च्या आसपास राहील. त्याहून गडद केल्यास वरच्या टोकाला आलेख वाकतो.

नमुना २ मिलि. फ्लास्कमधली पातळी भरून यायला पाच सेकंद लागतात, तेवढ्यापुरता बाहेरचा प्रवाह थांबतो, फरक पडत नाही. १० मिलि काढले तर २४ सेकंद थांबतो, आणि दर पाच मिनिटांनी काढल्यास ते दिसते. मोजलेला नमुना परत ओतायचा नाही. तोवर फ्लास्क फिका झालेला असतो आणि जुना गडद रंग आत जातो.

मिथिलीन ब्लू इथे नको. तो काचेला आणि नळीला चिकटतो आणि नंतर हळूहळू सुटतो.

तीच जोडी इथेही: तोच प्रवाह, फ्लास्क २५० चा (व्हीडी बदल), तोच फ्लास्क, प्रवाह १२.५ (क्लिअरन्स बदल). पहिल्यात बाहेर मिनिटाला येणारे पाणी बदलत नाही, तरी रंग लवकर जातो. हे पाहिल्यावर 'हाफ-लाइफ घटली म्हणजे क्लिअरन्स वाढला' हे वाक्य बरेच कमी ऐकू येते.

३ फेब्रुवारी

फ्लास्कच्या पातळ्यांची सेमीलॉग कागदावर (उभा अक्ष लॉगचा) सरळ रेषा यायला हवी, ती शेवटी वर वाकते. मुले खुशीत 'दोन कप्पे' लिहून मोकळी होतात. फ्लास्क एक, कप्पा एक. कारणे तीन, तिन्ही वेगवेगळी ओळखता येतात.

प्रवाह मंदावणे: वरच्या बाटलीतले पाणी उतरते तसा दाब कमी होतो, के घटत जातो. ओळखायचे असे: सुरुवातीला आणि शेवटी एकेक मिनिट बाहेरचे पाणी मोजपात्रात धरायचे. उपाय: तळाला तोटी असलेली ५ लिटरची अ‍ॅस्पिरेटर बाटली, तोंडाला घट्ट बूच, बुचातून काचेची उघडी नळी पाण्यात खोलवर. बाटलीत हवा फक्त या नळीतून शिरते, त्यामुळे नळीच्या खालच्या टोकाशी दाब नेहमी वातावरणाइतका. पाणी त्या टोकाखाली जाईपर्यंत प्रवाह एकसारखा राहतो. तासाला दीड लिटर लागते, म्हणजे ५ लिटर पुरून उरतात. बूच सैल असेल तर यातले काहीच होत नाही.

कलरीमीटरचा शून्य सरकलेला असणे: मग शेपूट एका ठरावीक मूल्यावर आडवी होते. दर तीन नमुन्यांनंतर साध्या पाण्याने शून्य पाहायचा.

न ढवळलेला कोपरा: ढवळणी मंद असली की तळाशी निळा थर दिसतो. डोळ्यांनी कळते.

या बिघाडांची पत्रके जपून ठेवली. दोन कप्पे शिकवताना 'हे खरे दोन कप्पे आहेत का?' या प्रश्नाला ती उत्तम सामग्री आहे. रुग्णालयातल्या खऱ्या आकड्यांतही मोजमापाच्या मर्यादेजवळची शेपूट असाच धोका देते.

६ फेब्रुवारी

मोगऱ्याच्या व्हीडीचा ४२० लिटर हा आकडा मुलांना खटकतो, आणि खटकायलाच हवा: माणसाचे वजन ७० किलो असताना ४२० लिटर कुठून आले? यासाठी कोळसा. इथे मात्र मिथिलीन ब्लू, चिकटतो म्हणूनच. एका लिटर पाण्यात १० मिग्रॅ, पातळी १०. त्यात सक्रिय कोळसा टाकून ढवळायचे, थांबायचे, वरच्या पाण्यातली पातळी मोजायची. ती ०.५ आली तर व्हीडी = १० ÷ ०.५ = २० लिटर, आणि समोर भांडे तर एका लिटरचे.

कोळसा मिलिग्रॅममध्ये तोलायचा. चमचाभर टाकला तर सगळा रंग नाहीसा होतो आणि व्हीडी अनंत येतो. हातातल्या कोळशावर आधी लहान प्रमाणात चाचणी घ्यावी. प्रत्येक कोळशाची पकड वेगळी असते, आणि ती मोजायची एक प्रमाण पद्धत मिथिलीन ब्लूवरच बेतलेली आहे. गाळणकागदही थोडा रंग पकडतो, म्हणून गाळलेले पहिले १० मिलि टाकून द्यायचे, किंवा सेंट्रिफ्यूज वापरायचा.

१३ फेब्रुवारी

तोंडावाटे. अबोलीच, दोन गोळ्या. 'अबोली-जलद'चा केए (शोषणाचा वेग) तासाला १, 'अबोली-मंद'चा ०.०५. उपलब्धता दोन्हींत पूर्ण, डोस ४२० मिग्रॅ.

जलद गोळीची कमाल पातळी ७.०, २.१५ तासांनी. मंद गोळीची १.८, १०.३ तासांनी. शेवटची रेषा जलदमध्ये ४.१६ तासांची, मंदमध्ये १३.९ तासांची. अबोलीचा क्लिअरन्स बदलला नाही, व्हीडी बदलला नाही. मंदमध्ये शेवटची रेषा शोषणाची आहे. हे फ्लिप-फ्लॉप. एयूसी दोन्हींत ६०. मुलाने ०.०५ लाच उत्सर्जनाचा के मानला तर व्हीडी ७ ÷ ०.०५ = १४० लिटर येतो, ४२ नव्हे.

फक्त मंद गोळीचे पत्रक दिले तर उलटापालट ओळखायला कोणताच मार्ग नाही. शिरेतले पत्रक सोबत द्यायलाच हवे. हा सापळा मुद्दाम दोन टप्प्यांत: आधी एकटे मंद पत्रक, उत्तर लिहून घ्यायचे, मग शिरेतले.

स्प्रेडशीटमध्ये केए आणि के सारखे टाकले की शून्याने भागाकार होतो. तिथे वेगळे सूत्र लागते: पातळी = डोस × के × वेळ ÷ व्हीडी, गुणिले ऋण के-वेळचा घातांक. कमाल पातळी ६ तासांनी, ३.६८. मुले ०.१६७ ऐवजी ०.१६७१ टाकून वाट काढतात. चालते, पण का चालते ते विचारावे.

१७ फेब्रुवारी

यकृत. बकुळ आणि केवडा, दोन्ही पूर्णपणे यकृतातून, आतड्यात नुकसान नाही. मुक्त अंश गुणिले आंतरिक क्लिअरन्स (रक्तप्रवाहाची मर्यादा नसती तर यकृताने केला असता तो): बकुळ १०, केवडा ८१०. चांगले ढवळलेले यकृत धरून क्लिअरन्स = ९० × १० ÷ (९० + १०) = ९ आणि ९० × ८१० ÷ ९०० = ८१. पहिल्या फेरीतून वाचणारा भाग बकुळीचा ९० टक्के, केवड्याचा १०.

आता विकर (औषध मोडणारे एन्झाइम) दुप्पट करायचे, रिफाम्पिसिनसारख्या एखाद्या औषधाने केल्यागत. बकुळ ९ वरून १६.४ वर जाते. केवडा ८१ वरून ८५.३, जवळजवळ हललाच नाही, कारण यकृताला रक्तच तासाला ९० लिटर मिळते. इथे वर्ग निष्कर्ष काढतो की केवड्याला विकरवाढीचा त्रास नाही. मग ९० मिग्रॅ तोंडाने द्यायचे. बकुळीची एयूसी ९ वरून ४.५, केवड्याची ०.१११ वरून ०.०५६. दोन्ही निम्म्या. केवड्याचा वाचणारा भाग १० वरून ५.३ टक्क्यांवर आला. संचातली सगळ्यात जमलेली जोडी हीच वाटते. खऱ्या औषधांवर हे इतके स्वच्छ कधीच दिसले नसते.

२४ फेब्रुवारी

जास्वंद, संपृक्त होणारे, म्हणजे बाहेर काढण्याच्या वेगाला कमाल मर्यादा असलेले. पहिल्या मसुद्यातले आकडे फेनिटॉइन या अपस्माराच्या औषधाच्या फार जवळ होते; मुलांनी त्याची १० ते २० ची उपचाराची पट्टी आणून लावली असती. म्हणून तासावर आणले: व्हीमॅक्स (बाहेर काढण्याचा कमाल वेग) तासाला ६० मिग्रॅ, केएम (त्याच्या निम्मा वेग असतो ती पातळी) लिटरला ३ मिग्रॅ, व्हीडी ४२.

स्थिर पातळी = केएम × दर ÷ (व्हीमॅक्स − दर). तासाला २० मिग्रॅ दिले तर १.५, ३० ला ३, ४० ला ६, ५० ला १५, ५५ ला ३३. ६० ला स्थिर पातळीच नाही, चढतच राहते. दर ५० वरून ५५ म्हणजे दहा टक्के वाढ, पातळी दुपटीहून जास्त. वेळही ताणली जाते: ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला ३० च्या दराला साडेपंधरा तास, ५० ला ११७, ५५ ला सुमारे ४४६ तास, अठरा दिवसांहून जास्त. 'पाच हाफ-लाइफ थांबा' हा नियम इथे लागू नाही, कारण ठरावीक हाफ-लाइफच नाही.

याला नेमके साधे सूत्र नसल्याने पायरीपायरीने काढावे लागते: नवी पातळी = जुनी + पायरी × (आत जाणारे − बाहेर पडणारे) ÷ व्हीडी. पायरी किती मोठी चालेल हे आधी अबोलीवर तपासून घ्यायचे, कारण तिचे खरे उत्तर माहीत आहे. अर्ध्या तासाच्या पायरीने २४ तासांनंतरची पातळी १६ टक्के कमी येते, ०.१ तासाने ३.३ टक्के. जास्वंदीला ०.१ ठेवली. कोणी एक तास ठेवून 'औषध लवकर गेले' असे लिहिले तर ती औषधाची गती नाही, गणिताची गळती आहे.

३ मार्च

निशिगंध, दोन कप्पे. २४० मिग्रॅ शिरेतून. पातळी दोन घातांकांची बेरीज: ८ चा गुणांक तासाला २ या वेगाने, २ चा गुणांक तासाला ०.१ ने. एयूसी = ४ + २० = २४, क्लिअरन्स १०.

एकाच संयुगाचे चार व्हीडी निघतात. मधल्या कप्प्याचा २४ लिटर. स्थिर अवस्थेतला ८४. क्लिअरन्स भागिले शेवटचा वेग, १००. शेवटची रेषा मागे वाढवून, १२०. पुस्तकात 'व्हीडी' एवढेच छापलेले असते तेव्हा यातला कोणता, हे विचारायची सवय लागावी म्हणून चारही काढायला लावायचे. लिटरला २ मिग्रॅ पातळीसाठी ८४ धरून लोडिंग डोस १६८ मिग्रॅ एकदम दिला तर क्षणभर पातळी ७ होते. डिगॉक्सिनचा लोडिंग डोस विभागून देतात आणि पातळीसाठी रक्त डोसनंतर किमान सहा तासांनी घेतात, त्यामागे हेच वाटप आहे.

पहिला नमुना दोन तासांनी घेतला तर पहिला टप्पा दिसतच नाही. एयूसी २० च्या जवळ आणि क्लिअरन्स १२ च्या जवळ येतो. वेळा: ५, १५, ३० मिनिटे, १, १.५, २, ४, ८, १२, २४ तास.

१० मार्च

जर्नल तपासणी. चुका ठरलेल्या. दशमान लॉगचा उतार घेऊन २.३०३ ने गुणायचे राहते: अबोलीचा उतार ०.०७२४, तोच के धरला की हाफ-लाइफ ९.६ तास. सेमीलॉग कागदावर आडव्या-उभ्या चौकड्या मोजून उतार काढणे, हीसुद्धा नेहमीची. क्लिअरन्स मिनिटाला मिलिमध्ये आणि वेळ तासांत. गुणदानात आकड्याला दोन, एककाला एक, 'हा आकडा या शरीरात शक्य आहे का?' या एका ओळीला दोन. शेवटच्या दोन गुणांमुळे व्हीडी ०.४ लिटर लिहून पुढे जाणारे थांबतात.

१७ मार्च

खरी नावे आता उघडायची, गणित सोडवून झाल्यावरच. मोगऱ्यासमोर डिगॉक्सिन: मूत्रपिंडातून जाते आणि ऊतींत खोल बसते, व्हीडी सुमारे ५०० लिटर. अबोलीसमोर जेंटामायसिन, पण ते पेशींत फारसे शिरत नाही, व्हीडी किलोला साधारण पाव लिटर. हा फरक मुलांनीच शोधायचा. बकुळीसमोर वॉरफेरिन, केवड्यासमोर प्रोप्रॅनोलॉल आणि लिग्नोकेन. जास्वंदीसमोर फेनिटॉइन आणि दारू. अबोली-मंदसमोर प्रोकेन पेनिसिलिन. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: आपल्या संयुगापेक्षा हे कुठे वेगळे वागते आणि कशामुळे? वॉरफेरिनला दोन प्रतिरूपे (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा) आहेत, डिगॉक्सिनला वाहक प्रथिने (पेशींत ने-आण करणारी); बकुळ-मोगऱ्यात यातले काही नाही.

बाकी राहिलेले: अबोलीचे मूत्रपिंड-विकाराचे पत्रक, जीएफआर मिनिटाला ३० मिलि. क्लिअरन्स तासाला १.८ लिटर, हाफ-लाइफ १६.२ तास, लोडिंग डोस तोच, चालू डोस सुमारे एक चतुर्थांश. व्हीडी ४२ च ठेवायचा. सूज असलेल्या रुग्णाचे वेगळे पत्रक नंतर.